कांदा चाळीवरचे कॅमेरे: शिरूर तालुक्यातल्या एका वस्तीचं प्रकरण

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या अंगाला सात एकरांचं एक रान आहे. चार एकर ऊस, दोन एकर कांदा, उरलेल्या एकरात घास आणि मका. घर आणि गोठा एका जागी. घरापासून ३४० मीटरवर कांदा चाळ आणि तिला लागून अवजारांची पत्र्याची शेड. नदीकडेला, घरापासून ६०० मीटरवर, मोटारीची खोली. घर आणि चाळ यांच्या मधे ऊस. डांबरी रस्त्यावरून फुटणारी वाट घराला बाजूला ठेवून थेट चाळीपुढे जाते, म्हणजे चाळीवर येणारी गाडी घरासमोरून जातच नाही. पुढे जे घडलं त्यात सगळ्यात जास्त वाटा या वाटेचा आहे. कुटुंबाचं आणि गावाचं नाव इथे दिलेलं नाही.

पहिली चोरी

जानेवारीतल्या एका रात्री मोटारीच्या खोलीतून स्टार्टरची पेटी आणि ९० मीटर केबल गेली, शेडमधून ट्रॅक्टरची बॅटरी गेली. मोटार नदीत, पण स्टार्टर नेहमीच्या पाण्यापासून दूर, उंचावर ठेवावा लागतो, म्हणून केबल इतकी लांब. तीन कोर, ४ चौरस मिलिमीटरची ही केबल. हिशेब केला तर ९० मीटरमध्ये साडेनऊ किलोच्या वर तांबं भरतं. चोराला मोटार उचलायची गरजच नसते. केबल कापायची, रानातच जाळून वरचं आवरण काढायचं आणि तांबं भंगारात घालायचं. दुचाकीवर दोन माणसं अर्ध्या तासात हे काम उरकतात.

केबल कापायला चोर लाइट नसलेली वेळ निवडतो, कारण चालू केबलला हात लावायची त्याचीही तयारी नसते. शेतीची थ्री फेज लाइट आठवड्याच्या पाळीने कधी दिवसा येते, कधी रात्री. ज्या आठवड्यात ती दिवसा असते, त्या आठवड्यात रात्री रानात कोणी पाणी धरायला येत नाही आणि केबलही मेलेली असते. जानेवारीतली चोरी अशाच आठवड्यात झाली.

फेब्रुवारीत घरच्यांनी तीन कॅमेरे बसवले. शेडच्या कोपऱ्यावर दोन मेगापिक्सेलचा एक साधा कॅमेरा, आणि चाळीपुढे व मोटारीच्या खोलीवर फोरजी सिमकार्डाचा, छोट्या सोलर पॅनलचा एकेक तयार कॅमेरा. तिन्ही मिळून एकोणीस हजार रुपये. मोबाइलवर चित्र दिसायला लागलं आणि घरचे निर्धास्त झाले.

ऑगस्टची रात्र

ऑगस्टमध्ये चाकणच्या बाजारासाठी चाळीपुढे कांद्याच्या ४० गोण्या भरून, शिवून, थप्पी लावून ठेवल्या होत्या. पहाटे गाडी येणार होती. गाडी रात्रीच आली, पण दुसऱ्याची. २६ गोण्या, शेडमधला फवारणीचा एचटीपी पंप आणि ठिबकचे व्हॉल्व्ह गेले. तीन कॅमेऱ्यांमधून पोलिसांना दाखवायला मिळाली ती बारा सेकंदांची एक क्लिप. त्यात एका माणसाची पाठ आणि पिकअपचा मागचा एक दिवा. बाकी काही नाही.

का नाही, हे एकेक करून पाहण्यासारखं आहे, कारण यातली प्रत्येक चूक बहुतेक वस्त्यांवर सापडते.

शेडवरचा कॅमेरा शेतीच्या लाइनवर जोडलेला होता. चोर ज्या रात्री येतो त्याच रात्री ती लाइन बंद असते, म्हणजे हा कॅमेरा नेमका नको तेव्हा आंधळा. बरं, लाइट असती तरी फारसा उपयोग नव्हता. कॅमेरा साडेचार मीटर उंच, दारापासून १४ मीटरवर आणि लेन्स २.८ मिलिमीटरची. एवढ्या रुंद लेन्समध्ये १४ मीटरवर सुमारे ३६ मीटर रुंदीचं दृश्य मावतं. चित्राची रुंदी १९२० पिक्सेल, म्हणजे दर मीटरला ५३ पिक्सेल. चेहरा १६ सेंटिमीटर धरला तर त्याच्या वाट्याला आठ-नऊ पिक्सेल येतात. अनोळखी माणसाची ओळख पटवायला दर मीटरला २५० पिक्सेल लागतात, आणि माहितीतला माणूस ओळखायलाही १२५. सीसीटीव्हीच्या आयईसी ६२६७६-४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४च्या आवृत्तीतले हे आकडे दुकानदार सांगत नाही. तो फक्त मेगापिक्सेल सांगतो.

चाळीपुढचा सोलर कॅमेरा एरवी झोपलेला असतो. अंगाची ऊब टिपणाऱ्या पीआयआर सेन्सरने उठवलं की तो जागा होतो, रेकॉर्डिंग सुरू करतो. जागं व्हायला एक-दोन सेकंद लागतात आणि सेन्सरचा पल्ला साधारण आठ-दहा मीटर. ताशी ३० किलोमीटरने जाणारी गाडी दोन सेकंदांत सोळा मीटर पुढे गेलेली असते, म्हणून गाडी कधी पूर्ण सापडत नाही. उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकला की माणसाचं अंग आणि मागची जमीन यांत सेन्सरला फरकच कळेनासा होतो. श्रावणात वेगळीच अडचण येते. ढगांमुळे पॅनल भरत नाही, बॅटरी खाली गेली की कॅमेरा आपणहून क्लिप तोकडी करतो. त्या रात्री तेच झालं. शिवाय लेन्सपुढे कोळ्याचं जाळं होतं. अंधारात दिसावं म्हणून कॅमेरा सोडतो तो, डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड उजेड जाळ्यावर आपटून परत येतो आणि निम्मं चित्र पांढरं होतं.

कॅमेऱ्याचं घड्याळही चुकलेलं. क्लिपवर ४.४७ उमटले होते, फोनवर सूचना आली होती २.१७ला. बरोबर अडीच तासांचा फरक. कॅमेरा कारखान्यातल्या चिनी वेळेवर राहिला होता आणि भारताची वेळ कोणी लावलीच नव्हती. फिर्यादीत एक वेळ आणि क्लिपवर दुसरी, असं झालं की पुढे प्रत्येक वेळी खुलासा देत बसावं लागतं.

आणि ती २.१७ची सूचना? ती आली होती. फोन उशाशीच होता, ॲपचा आवाज मात्र बंद केलेला. मे-जूनपासून कुत्री, मांजरं, वाऱ्याने हलणारं बारदान, पाऊस, अशा कशानेही रात्रीतून तीस-चाळीस वेळा फोन वाजत होता. असा फोन आठवड्याच्या वर कोणी वाजू देत नाही. आमच्या मते ऑगस्टची चोरी खरं तर इथेच यशस्वी झाली.

मोटारीच्या खोलीवरच्या कॅमेऱ्याला त्या रात्री नेटवर्कच नव्हतं. नदीच्या खोलगट भागात दिवसा एक-दोन रेघा दिसतात. गावातली लाइट बराच वेळ गेली आणि टॉवरची बॅटरी उतरली की त्याही जातात. फोरजी कॅमेरा घ्यायच्या आधी त्याच जागी, त्याच कंपनीचं सिम फोनमध्ये घालून दुपारी, रात्री अकराला आणि लाइट गेल्यावर, असं तिन्ही वेळा तपासावं.

मिनिटांचा हिशेब

सप्टेंबरमध्ये नवा बेत आखताना पहिल्यांदा कॅमेऱ्यांचा विचार बाजूला ठेवला आणि कागदावर दोन आकडे मांडले. चोराला किती मिनिटं लागतात आणि घरच्यांना किती.

घरच्यांचा हिशेब असा. सूचना फोनवर यायला अर्धं मिनिट. जाग येऊन चित्र बघायला एक मिनिट. शेजारच्या वस्तीला फोन, बॅटरी, काठी, चपला, यात तीन मिनिटं. अंधारात ३४० मीटर जायला चार-पाच मिनिटं. एकूण साडेआठ ते साडेनऊ. यात घाई करता येत नाही, कारण शिरूर, जुन्नर, आंबेगाव, खेड या पट्ट्यात उसात बिबट्या असतो. रात्री एकट्याने उसाच्या कडेने पळत सुटणं हा चोरीपेक्षा मोठा धोका आहे. किमान दोघं, हातात मोठी बॅटरी, बोलत बोलत जायचं, हे आधीच ठरवून ठेवलं.

चोराचा हिशेब दीड मिनिटाचा होता. शेडचं कुलूप बरं होतं, पण कोयंडा चार लाकडी स्क्रूंवर. पहारीचा एक हिसका पुरे.

तेव्हा पहिला खर्च तिथेच झाला. कोयंडा ६ मिलिमीटर पट्टीचा, दाराच्या आरपार गोल डोक्याचे बोल्ट घालून, आतून नटांना वेल्डिंगचा टाका. बिजागऱ्यांच्या खिळीही वेल्डिंगने बंद, नाहीतर कुलपाला हात न लावता दार उलट बाजूने निघतं. कुलूप बंद कडीचं, ज्याचा दांडा कटरच्या जबड्यात मावत नाही. साखळीवर विसंबू नये, आठ मिलिमीटरची साधी साखळी मोठा बोल्ट कटर क्षणात तोडतो. पत्र्याचे स्क्रू बाहेरून पान्याने निघतात, म्हणून खालच्या दोन ओळींत स्क्रूऐवजी आरपार बोल्ट घातले. ट्रॅक्टर घराच्या अंगणात आला. हे सगळं गावातल्या फॅब्रिकेटरने दोन दिवसांत केलं, खर्च सहा हजारांच्या आत.

कांद्याचं मात्र वेगळं. चाळीला हवा लागते, ती जाळीची आणि बांबूची, तिला तिजोरी करता येत नाही. पण मोकळा कांदा हे स्वतःच एक संरक्षण आहे. तीन माणसांनी ४० गोण्या भरून, तोंड बांधून गाडीत चढवायला अर्ध्या तासाच्या वर वेळ जातो. शिवून ठेवलेली थप्पी दहा मिनिटांत चढते. म्हणजे धोक्याची रात्र एकच, बाजाराच्या आदल्या दिवसाची. आता गोण्या बाजाराच्या पहाटेच भरतात. मजूर मिळाले नाहीत आणि आदल्या संध्याकाळीच भराव्या लागल्या, तर त्या रात्री एक भाऊ चाळीवर झोपतो. कॅमेऱ्याच्या जोरावर ही झोप टाळायची नाही.

याच टप्प्यात शेडवर १२ व्होल्टचा हॉर्न सायरन बसला. कॅमेऱ्यातला स्पीकर मोकळ्या रानात काही कामाचा नसतो, दहा पावलांवर विरून जातो.

काहींनी दाराला करंट सोडायचा सल्ला दिला होता. तो गुन्हा आहे आणि बहुतेक वेळा त्यात घरचंच जनावर किंवा पोर सापडतं.

विजेचं गणित

बाकीचं काम ऊसबिल हातात आल्यावर, मार्चमध्ये झालं. चाळीवर चार मेगापिक्सेलचे दोन कॅमेरे, त्यांचं चित्र बिनतारी लिंकने घरी, घरात रेकॉर्डर. वीज कुठून आणायची हा पहिला प्रश्न. घरून ३४० मीटर केबल ओढली असती तर व्होल्टेज पडलं असतं ते वेगळंच, चोरासाठी आणखी तांबं मांडून ठेवल्यासारखं झालं असतं. म्हणून सोलर, पण तयार संच नाही.

दोन कॅमेरे, बिनतारी यंत्र आणि व्होल्टेज वाढवणारा छोटा बूस्टर मिळून सरासरी १४ वॉट. दिवसाला ३३६ वॉट-तास. पॅनलचा हिशेब मार्चच्या उन्हावर करायचा नाही, जुलैच्या ढगांवर करायचा. सलग ढगाळ दिवसांत पुण्याकडे दोन तासांच्या भरउन्हाइतकीच वीज मिळेल असं धरलं. वायर, धूळ, चार्जर यांची घट वजा जाता सत्तर टक्के हाती लागतात. दोन तासांचे सत्तर टक्के म्हणजे १.४, आणि ३३६ला १.४ने भागलं की २४० वॉट. बाजारात १६५ वॉटची पॅनल मिळतात, ती दोन घेतली. ३३० वॉटला १२ व्होल्टच्या बॅटरीवर साडेतेवीस अँपिअरपर्यंत करंट येतो, म्हणून पॅनलची वीज बेताने बॅटरीत सोडणारा चार्ज कंट्रोलर ३० अँपिअरचा. दुकानातून २०चा आला होता, तो परत केला.

बॅटरी १५० अँपिअर-तासांची ट्युब्युलर. लिथियमची घेतली असती तर हलकी, जास्त टिकाऊ, पण महाग. शिवाय ट्युब्युलरचं पाणी बघणारा माणूस प्रत्येक गावात आहे. शिसाची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवायची नाही. १८०० वॉट-तासांतले ९०० वापरायचे, म्हणजे ऊन अजिबात नसलं तरी अडीच दिवसांच्या वर. या बॅटरीचं वजन पन्नास किलोच्या वर आणि भंगारात तिलाही भाव आहे, तेव्हा तिच्यासाठी अँगलचा पिंजरा करून तो शेडच्या कोब्यात पुरला. झाकण वरून उघडतं, कारण दर दोन महिन्यांनी पाणी घालावं लागतं. पॅनल शेडच्या पत्र्यावर, दक्षिणेकडे, सुमारे वीस अंश उतारावर. त्यांचे बोल्ट वेल्डिंगने बंद.

कॅमेरे तीन मीटर उंचीवर. एक ४ मिलिमीटर लेन्सचा, शेडच्या दारापासून पाच मीटरवर. तिथे दर मीटरला सुमारे ३०० पिक्सेल पडतात. दुसरा ६ मिलिमीटरचा, चाळीच्या लांबीच्या दिशेने, दहा मीटरवर सुमारे २७०. तोंडाला फडकं बांधलेलं असलं तरी चालण्याची ढब, चप्पल, शर्टाची शिलाई एवढं दिसतं, आणि तपासात तेही चालतं. दोन्ही कॅमेरे एकमेकांना दिसतील असे लावले, म्हणजे एकाला हात घालणारा दुसऱ्यात येतो. रेकॉर्डर घरात, धान्याच्या कोठीमागे, इन्व्हर्टरवर. प्रत्येक कॅमेऱ्याचा डेटा दोन मेगाबिट प्रति सेकंद धरला तर दोघांचं दिवसाला ४३ जीबी होतं, एक टीबी डिस्कवर तीन आठवडे राहतं.

सूचनांचं दुखणं दोन गोष्टींनी गेलं. कॅमेऱ्यातली माणूस-वाहन ओळखण्याची सोय चालू केली आणि चाळीपुढचा मोकळा पट्टा तेवढाच हद्दीत घेतला. उसाची कड, बांध, शेजाऱ्याची वाट हद्दीबाहेर. शेजाऱ्याच्या दारावर कॅमेरा रोखला की चोराआधी बांधाचं भांडण उभं राहतं. रात्री ११ ते ४ या वेळेत माणूस दिसला तर फोन वाजतो आणि सायरनही. रात्रीच्या तीस-चाळीस सूचना दोन-तीनवर आल्या. आता फोनचा आवाज कोणी बंद करत नाही.

उसातून लिंक

बिनतारी लिंक ५ गिगाहर्ट्‌झची, दोन्ही टोकांना चार मीटरचे खांब. मार्चमध्ये खोडवा कमरेइतका होता. लिंक झकास चालली, बसवणारा पैसे घेऊन गेला. ऑगस्टच्या शेवटी चित्र अडकायला लागलं. पावसात पूर्ण बंद, दुपारी उन्हात थोडं बरं. सिम बदललं, रेकॉर्डर बदलून पाहिला, आठवडा त्यात गेला. कारण समोर उभं होतं. ऊस तीन मीटरच्या वर गेला होता.

ऊस चार मीटरच्या खाली आहे, मग खांबाच्या टोकावरून रेष मोकळी नाही का, असं वाटतं. डोळ्यांना मोकळी असते, पण रेडिओ लहर सरळ सुतासारखी जात नाही. मधल्या भागात तिला फुगीर जागा लागते. ३४० मीटर अंतर आणि ५.८ गिगाहर्ट्‌झ असेल तर मध्यावर ही त्रिज्या २.१ मीटर भरते आणि तिचा किमान साठ टक्के भाग, म्हणजे सव्वा मीटर, मोकळा हवा. ऊस ३.२ मीटर, त्यावर सव्वा, झाले साडेचार. चार मीटरचा खांब तिथेच कमी पडला. तुरा येईपर्यंत ऊस चार मीटर होणार, म्हणजे सव्वापाच हवेत. ओली पानं लहर शोषतात म्हणून पावसात पूर्ण बंद.

खांब सहा मीटरचे केले. अडीच इंची जीआय पाइप, दोन बाय दोन फूट आणि तीन फूट खोल काँक्रीट, तीन दिशांना तारेचे ताण. ताण नसतील तर वाऱ्यात खांब डुलतो आणि लिंक पुन्हा तुटते. वळवाच्या विजा पाहता दोन्ही खांबांना स्वतंत्र अर्थिंग आणि यंत्राच्या अलीकडे विजेचा झटका अडवणारा सर्ज प्रोटेक्टर. कॅमेऱ्यांच्या वायरी एचडीपीई पाइपातून, पाइपाची तोंडं सिमेंटने बंद. घुशींना ती वायर का आवडते कोणास ठाऊक, पण त्या सोडत नाहीत. नेटवर्कची वायर शुद्ध तांब्याची घ्यावी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त वायर दोन पावसाळ्यांत टोकाला गंजते.

वाटेच्या तोंडाशी

कांदा चोरायला गाडी लागते आणि गाडीला वाट एकच. म्हणून चाळीवरच्या दोन कॅमेऱ्यांपेक्षा वाटेच्या तोंडाशी असलेला एक कॅमेरा जास्त मोलाचा, असं आमचं मत आहे. इथे फोरजी चालतं, डांबरीजवळ नेटवर्क चांगलं आहे. झोपणारा कॅमेरा मात्र नको, चोवीस तास रेकॉर्ड करणारा हवा. त्याला सरासरी ६ वॉट लागतात, दिवसाला १४४ वॉट-तास. त्याच जुलैच्या हिशेबाने १०० वॉटचं पॅनल. बॅटरी खांबावरच्या पेटीत राहणार, म्हणून इथे हलकी लिथियम फॉस्फेटची, ४० अँपिअर-तास. दुकानदार ४० वॉटचं पॅनल देत होता. ते हिवाळ्यात जेमतेम पुरलं असतं. पावसात दिवसाला ५६ वॉट-तास आले असते, तूट ८८ची, आणि पाच-सहा दिवसांत बॅटरी रिकामी झाली असती.

लेन्स फिरवून १२ मिलिमीटरवर आणली. पंधरा मीटरवर साडेसहा मीटर रुंदीचं दृश्य, दर मीटरला ३८०च्या आसपास पिक्सेल. कॅमेरा गाडीच्या मागच्या पाटीकडे तोंड करून आहे, कारण समोरून हेडलाइटने चित्र भाजतं. रात्रीचा शटर १/५०० सेकंद. चित्र जवळजवळ काळं दिसतं, फक्त नंबर प्लेट इन्फ्रारेडमध्ये चमकते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला कॅमेरा बिघडलाय असं वाटतं. जागा वळणावर निवडली, तिथे गाडी आपोआप हळू होते. रेकॉर्डिंग आतल्या कार्डावर. १२८ जीबीच्या कार्डात साडेपाच दिवस मावतात, कार्ड सतत लिहिण्यासाठी बनवलेलं, हाय एन्ड्युरन्स प्रकारचं. थेट चित्र तासभर पाहिलं तर ९०० एमबी डेटा जातो, म्हणून रोज बघायला कमी डेटा खाणारं हलकं चित्र ठेवलं. रिचार्जची तारीख दोन्ही भावांच्या फोनमध्ये टाकलेली आहे. सिमची मुदत संपली की हा कॅमेरा गपचूप पडून राहतो, कोणाला कळतही नाही.

मोटारीच्या खोलीवरचा कॅमेरा काढूनच टाकला. तिथे केबल जमिनीखाली अडीच फूट, जीआय पाइपात, दर दहा मीटरवर काँक्रीटचा गोळा. मोबाइल स्टार्टर, म्हणजे फोनवरून मोटार चालू-बंद करणारा, असा घेतला की केबल तुटली तर तो फोन करतो. काही मॉडेलमध्ये ही सोय असते, विचारून घ्यावी लागते. नेटवर्क तिथे कच्चं, म्हणून अँटेना चार मीटर वर चढवली. लाइट नसताना हा स्टार्टर स्वतःच्या छोट्या बॅटरीवर चालतो. ती बॅटरी आहे की नाही, हे पेटी उघडून बघावं.

पुरावा

ऑगस्टची क्लिप आधी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरली, मग पोलिसांकडे गेली. व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून लहान करतं आणि मूळ फाइलची माहिती पुसतं. शिवाय चोराच्या ओळखीचं कोणी त्या ग्रुपवर असेल तर त्यालाही कळतं की काय दिसलं आणि काय नाही.

भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३च्या कलम ६३(४)प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्याचा ‘अ’ भाग यंत्र ज्याच्या ताब्यात आहे तो भरतो, ‘ब’ भाग तज्ज्ञ, आणि फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइल बदललेली नाही हे पडताळायचा तिचा आकडा, नोंदवायचं असतं. म्हणून रेकॉर्डरमधून मूळ स्वरूपात, मागचापुढचा अर्धा तास धरून, पेन ड्राइव्हवर काढायचं. रेकॉर्डर तसाच ठेवायचा, तो भाग लॉक करायचा, म्हणजे तीन आठवड्यांनी वरून दुसरं लिहिलं जात नाही. कार्ड कॅमेऱ्यातून काढून पाकिटात. घड्याळ आता इंटरनेटवरून आपोआप जुळतं, तरी महिन्याला एकदा पाहिलं जातं.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत साध्या चोरीला कलम ३०३(२) आहे. मालमत्ता ठेवण्यासाठी वापरलेल्या इमारतीतल्या चोरीला कलम ३०५, शिक्षा सात वर्षांपर्यंत. शेड या दुसऱ्या कलमात बसते, हे फिर्याद देताना सांगावं. ३०३(२)मध्ये माल पाच हजारांच्या आतला आणि आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरलेला असेल, तर माल परत केल्यावर समाजसेवेची शिक्षा होते. त्यामुळे किंमत अंदाजाने कमी सांगू नये. पंप, केबल, व्हॉल्व्ह यांची बिलं फोनमध्ये फोटो काढून ठेवावीत, पंपाचा क्रमांकही. नाव कोरलेली वस्तू भंगारवालाही घ्यायला कचरतो.

ऑक्टोबर

खांब उंच केल्यावर महिन्याभराने, कांद्याचा भाव चढलेला असताना, रात्री १.५०ला एक पिकअप वाटेत शिरली. वाटेवरच्या कॅमेऱ्याने तिची पाठ टिपली. १.५३ला चाळीपुढे दोन माणसं, लगेच सायरन आणि फोन. थोरल्या भावाने ग्राम सुरक्षा यंत्रणेवर फोन लावला. पुणे जिल्ह्यात ती बऱ्याच गावांत आहे, एकाचा आवाज गावातल्या सगळ्या नोंदवलेल्या फोनवर एकदम जातो. मग ११२. शेजारच्या वस्तीवरची दोन माणसं येईपर्यंत घरातून कोणी निघालं नाही. १.५८ला पिकअप उलट गेली.

कोयंडा वाकला होता, कुलपावर कटरचे दात उमटले होते, दार बंदच होतं. कांदा गेला नाही. नंबर प्लेटला चिखल फासलेला, त्यामुळे शेवटचे तीन आकडे तेवढे वाचता आले. पण डाव्या दिव्याची फुटलेली काच आणि येण्या-जाण्याची अचूक वेळ मिळाली, ते सगळं प्रमाणपत्रासह पोलीस ठाण्यात दिलं.

पाच मिनिटांत चोर निघून गेले, यात कॅमेऱ्याचा वाटा किती आणि कोयंड्याचा किती? सायरन वाजल्यावरही ते तीन मिनिटं कुलपाशी झटत होते, हे रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट दिसतं. दार पहिल्या हिसक्यात उघडलं असतं, तर निदान शेड तरी रिकामी झाली असती.

खर्च आणि उरलेलं काम

दुसऱ्या टप्प्याचा एकूण खर्च एक लाख नऊ हजार. त्यात तिन्ही कॅमेऱ्यांची किंमत फक्त चौदा हजार. उरलेला पैसा पॅनल, बॅटऱ्या, खांब, लिंक, रेकॉर्डर आणि मजुरीत गेला. ज्याच्याकडे चाळ नाही, नुसती अवजारांची खोली आहे, त्याने एवढ्यात पडू नये. सहा हजारांचं लोखंडकाम, एक सायरन आणि ट्रॅक्टर अंगणात, एवढं त्याला पुरे. कॅमेरा घेताना केंद्र सरकारच्या एसटीक्यूसी या चाचणी यंत्रणेने प्रमाणित केलेलं मॉडेल आहे का ते पाहावं, पहिल्याच दिवशी पासवर्ड बदलावा आणि बसवणाऱ्याच्या फोनमधून ॲपचं खातं काढून घ्यावं. हे शेवटचं हमखास राहतं.

देखभालीत दर पंधरवड्याला लेन्सपुढचं जाळं मऊ कुंच्याने काढणं, पॅनल धुणं आणि सायरन एकदा वाजवून बघणं येतं. सायरनची चाचणी शेजाऱ्यांना सांगून, आणि दिवसा. जुन्या एकोणीस हजारांतला एक सोलर कॅमेरा गोठ्यावर लावला आहे. तिथे रात्री शेळ्यांच्या आसपास काय फिरतं ते दिसतं.

नदीकाठचा भाग अजून अर्धवट आहे. धरणातून पाणी सोडलं की मोटारीच्या खोलीपर्यंत पाणी येतं, तेव्हा मोबाइल स्टार्टरची पेटी सोडवून घरी आणावी लागते आणि तेवढे दिवस केबलवर नजर राहत नाही. पेटी दोन मीटर वर, पक्क्या खांबावर नेण्याचं काम पुढच्या उन्हाळ्यात धरलं आहे. त्याच वेळी खोडव्याचं रान मोडून तिथे आडसाली लागण करायची की चाळीच्या बाजूच्या दहा ओळी सोडून तिथे घास घ्यायचा, हे दोघा भावांत अजून ठरायचं आहे.